‘मेंदूतच आहे’ म्हणजे संपलं असं नाही

गेल्या महिन्यात याच पानावर मी लिहिलं होतं, की डिस्लेक्सिया म्हणजे आळस नव्हे आणि मंद बुद्धीही नव्हे. वाचायचं काम मेंदू ज्या वाटेनं करतो, ती वाटच या मुलांत वेगळी असते. त्या एका वाक्यावर इतकी पत्रं आली, की बाकीचे प्रश्न या खेपेला बाजूला ठेवलेत. काहींना त्या वाक्यानं धीर आला, काहींच्या मात्र पोटात गोळा आला. त्यांना आधी उत्तर देते.

प्रश्न: माझी मुलगी नऊ वर्षांची आहे. ऐकलेली गोष्ट जशीच्या तशी सांगते, पण पुस्तक समोर आलं की ‘सकाळ’चं ‘सरळ’ होतं, ‘चिमणी’ला तर ती हातच लावत नाही. रीतसर तपासणी झाली, डिस्लेक्सिया आहे असं लेखी मिळालं. तुम्ही म्हणता फरक मेंदूतच आहे. मेंदूच तसा असेल तर रोज तास तासभर शिकवून काय होणार? आम्ही लेकराला उगाच पिळतोय का? — एक आई

उत्तर: ताई, तुमच्या प्रश्नात एक गोष्ट गृहीत धरलेली आहे, तिथूनच सुरुवात करते. मेंदूत आहे म्हणजे कायमचं कोरलेलं आहे, असं तुम्ही धरून चालला आहात. तसं नाही. वाचनाच्या बाबतीत तर मुळीच नाही.

बोलणं मूल आपसूक शिकतं. वाचणं कुठलंच मूल आपसूक शिकत नाही, तुमचं नाही आणि पहिल्या नंबराचंही नाही. माणूस लिहायला लागला त्याला जेमतेम पाच हजार वर्षं झाली. एवढ्या थोड्या काळात वाचनासाठी वेगळा अवयव तयार होत नसतो. म्हणून प्रत्येक मूल वाचायला शिकतं तेव्हा मेंदूतल्या दुसऱ्या कामांच्या जागा वाचनासाठी जुंपाव्या लागतात. बहुतेकांत त्या डाव्या बाजूला असतात. एक मागे, खालच्या अंगाला. तिथं अक्षरांचा आणि शब्दांचा आकार झटकन ओळखला जातो. दुसरी डाव्या कानाच्या वर, जरा मागे. तिथं अक्षराची आणि आवाजाची गाठ पडते. तिसरी पुढे, बोलण्याच्या जागेजवळ. डिस्लेक्सिया असलेली मुलं वाचताना मागच्या दोन जागा कमी काम करताना दिसतात, आणि अनेकदा तो भार उजव्या बाजूवर किंवा पुढच्या भागावर पडतो. वाचून झाल्यावर तुमची मुलगी दमलेली दिसते ना? ते नाटक नसतं.

आता तुमचा खरा प्रश्न. शिकवल्यानं यात फरक पडतो का? हे थेट पाहिलं गेलंय. अमेरिकेतल्या ह्यूस्टनमध्ये पानायोटिस सिमोस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डिस्लेक्सिया असलेली आठ मुलं घेतली, ७ ते १७ वर्षांची. मेंदूतल्या पेशींच्या कामातून जे अगदी क्षीण चुंबकीय क्षेत्र तयार होतं, ते डोक्याबाहेरून टिपणारं यंत्र त्यांच्याकडे होतं. न ऐकलेले, बनवलेले शब्द मुलांपुढे ठेवायचे आणि त्यांचं यमक जुळतं का ते विचारायचं. सुरुवातीला डाव्या कानामागची ती जागा जवळजवळ गप्प, आणि काम उजवीकडे चाललेलं. मग दोन महिने, सगळे मिळून साधारण ८० तास, त्यांना आवाज आणि अक्षरं यांवर कसून शिकवलं. पुन्हा तपासलं, तर आठही मुलांत डावी जागा कामाला लागलेली होती. हा शोधनिबंध २००२ सालचा. मी तो बऱ्याच उशिरा वाचला, आणि ‘आठही’ या शब्दाशी थांबले होते.

आठ मुलं म्हणजे थोडी, असं कुणी म्हणेल, आणि ते बरोबर आहे. पण २००४ मध्ये येल विद्यापीठाच्या सॅली शेविट्झ यांच्या गटानं ६ ते ९ वर्षांच्या ७७ मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात वाचनात अडखळणाऱ्या काही मुलांना आठ महिने, रोज ५० मिनिटं, एकेकट्याला शिकवलं होतं. ती मुलं अधिक सफाईनं वाचू लागली आणि डाव्या बाजूच्या जागाही जाग्या झाल्या. मला त्यातली महत्त्वाची वाटते ती पुढची गोष्ट: शिकवणी थांबून वर्ष झाल्यावर पुन्हा पाहिलं, तेव्हा शब्द झटकन ओळखणारी ती मागची, खालची जागाही अधिक काम करत होती. शिकवणी थांबली, तरी मेंदूचं चालूच होतं.

आणि हे फक्त दिवे पेटण्यापुरतं नाही. पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलन विद्यापीठात टिमथी केलर आणि मार्सेल जस्ट यांनी मेंदूच्या आतल्या तारा पाहिल्या. मेंदूच्या एका भागातून दुसऱ्या भागाकडे जाणारे जे धाग्यांचे जुडगे असतात, त्यांना मी वर्गात तारा म्हणते. वाचनात मागे पडलेल्या ८ ते १० वर्षांच्या मुलांना १०० तास शिकवल्यावर डाव्या बाजूच्या एका जुडग्याची ठेवण सुधारलेली दिसली, आणि ज्यांत ती जास्त सुधारली त्यांचं अनोळखी शब्द फोडून वाचणंही जास्त सुधारलं होतं. ते २००९ साली. पुढे २०१८ मध्ये वॉशिंग्टन विद्यापीठातल्या एलिझाबेथ ह्यूबर आणि जेसन येटमन यांच्या गटानं ७ ते १२ वर्षांच्या २४ मुलांना आठ आठवडे रोज चार तास, आठवड्यातून पाच दिवस शिकवलं आणि मधूनमधून मेंदू तपासत राहिले. काही आठवड्यांतच तारांमध्ये बदल दिसू लागला. रोज चार तास घरी कुणाला जमणार नाही, जमवूही नका. मेंदू किती लवकर वळतो, एवढंच त्यातून घ्यायचं.

तेव्हा ताई, शिकवून काय होणार, याचं उत्तर असं: शिकवण्यानंच होतं. वाट पाहून होत नाही. ‘मोठी झाली की येईल’ म्हणून दोन वर्षं गेलेली मुलं माझ्याकडे येतात, तेव्हा माझा जीव तुटतो. ती दोन वर्षं आपल्या हातात होती.

पण ‘पिळतोय का’ हा तुमचा दुसरा प्रश्न मी सोडणार नाही. त्या तासाभरात काय करता, यावर ते आहे. चुकलेला शब्द वीस वेळा लिहून घेत असाल, तर हो, पिळताय. तोच धडा पाठ होईपर्यंत वाचून घेत असाल, तरीही. वर सांगितलेल्या शिकवणींचा भर असल्या गोष्टींवर नव्हता. तिथं बहुतेक ठिकाणी शब्दातले आवाज सुटे करायला, मग अक्षरांशी बांधायला शिकवलं होतं. सोप्याकडून अवघडाकडे, क्रमानं, काहीही गृहीत न धरता.

माझ्या टेबलावर एका डबीत शर्टाची बटणं असतात. मूल आलं की पहिले काही दिवस पुस्तक उघडतच नाही. मी म्हणते, ‘कमळ’. मूल एकेक बटण पुढे सरकवतं: क, म, ळ. ‘आता पहिलं बटण काढ. काय उरलं?’ मळ. ‘सकाळ’मधला स काढ. काळ. हे जमलं की आणखी खाली उतरायचं. ‘मासा’ म्हणायला अक्षरं दोन, पण आवाज चार. म् ओठ मिटून लांबव, मग तोंड उघड, आ. आता स्, आणि पुन्हा आ. बटणं चार. ज्या मुलाला हे ऐकू येत नाही, त्याला काना म्हणजे नुसती एक उभी रेघ असते. बाराखडी तोंडपाठ असली तरी.

एका मुलीचं सांगते. ‘चिमणी’वरच अडायची, तुमच्या लेकीसारखी. मी तिचं बोट पाहत होते. बोट पहिल्यांदा पडलं ते वेलांटीवर, कारण पानावर वेलांटी आधी येते. आणि तोंडातून निघालं ‘इ’. मग च. मग तिनं पुस्तक मिटलं. ती चुकत नव्हती, डोळ्यांना दिसेल त्या क्रमानं प्रामाणिकपणे वाचत होती. पहिली वेलांटी लिहायची आधी पण बोलायची नंतर, हे तिला कुणी उघड सांगितलंच नव्हतं. आपल्याला कळलं तसं तिलाही कळेल, असं सगळ्यांनी धरलं होतं. त्या दिवशी आम्ही फक्त वेलांटीच केली: चि, मि, पि, कि. च आधी म्हणायचा, बोट नंतर मागे न्यायचं. दहा मिनिटं. दुसऱ्या दिवशी तेच, दहा मिनिटं. रफाराचंही असंच आहे. ‘सूर्य’मधला र डोक्यावर पुढच्या अक्षराच्या आणि उच्चारात त्याच्या आधी. अशी प्रत्येक गाठ वेगळी सोडवावी लागते.

एक सांगायला हवं. सगळी मुलं सारखी सुधारत नाहीत, आणि निरनिराळ्या अभ्यासांत बदल नेमका एकाच जागी दिसतो असंही नाही. कुठं डावीकडे, कुठं उजवीकडची मदतही वाढते. तुमच्या लेकीचा मेंदू दुसऱ्या कुणाच्या मेंदूसारखा व्हायला हवा, असा हट्ट धरू नका. तिला वाचता यावं, एवढाच धरा. रोज अर्धा-पाऊण तास, जाणकाराच्या मार्गदर्शनाखाली, आणि ती पेंगायला लागली की बंद.

प्रश्न: शिकवणी सुरू करण्याआधी मुलाचा एमआरआय काढावा का? म्हणजे सहा महिन्यांनी पुन्हा काढून फरक पाहता येईल. — एक बाबा

उत्तर: नको. वर जे अभ्यास सांगितले त्यांतल्या बहुतेकांत अनेक मुलांची चित्रं एकत्र करून सरासरी काढलेली असते. एका मुलाच्या चित्रावरून डिस्लेक्सिया आहे की नाही, हे आज कुणी सांगू शकत नाही. निदान वाचनाच्या आणि आवाजांच्या चाचण्यांवरूनच होतं. फरकच पाहायचा असेल तर आज त्याला अनोळखी उतारा मोठ्यानं वाचायला लावा, मोबाइलवर आवाज टिपून ठेवा, तारीख लिहा. सहा महिन्यांनी त्याच तोडीचा दुसरा उतारा. दोन्ही त्याला ऐकवा. मुलाला स्वतःच्या कानांनी ऐकू येणारा फरक कुठल्याही चित्रापेक्षा कामाचा.

प्रश्न: माझा नातू अक्षरं उलटी काढतो. दोष डोळ्यांत असणार, असं एकानं सांगितलं. रंगीत काचांचा चष्मा आणि डोळ्यांचे व्यायाम सुचवले. शिकवणी थांबवून आधी ते करावं का? — एक आजोबा

उत्तर: आजोबा, डोळे जरूर तपासून घ्या, नंबर असेल तर चष्माही हवाच. पण शिकवणी एक दिवसही थांबवू नका. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या आणि नेत्रतज्ज्ञांच्या संस्थांनी २००९ साली मिळून सांगितलं, की रंगीत काचा आणि असे व्यायाम डिस्लेक्सियावर उपयोगी पडतात याला पुरावा नाही.

तुम्हाला ज्यांनी सांगितलं त्यांची समजूत अगदी हवेतली मात्र नाही. हलत्या गोष्टी टिपणारी मेंदूतली एक जागा डिस्लेक्सिया असलेल्यांत कमी काम करते, हे पूर्वीच दिसलं होतं, आणि म्हणून अनेकांना वाटायचं की मूळ तिथंच आहे. जॉर्जटाऊन विद्यापीठात ग्विनिव्हिअर ईडन यांच्या गटानं ते तपासलं. २०१३ साली आलेल्या त्यांच्या अभ्यासात या मुलांची तुलना त्यांच्या वयाच्या मुलांशी न करता, त्यांच्याइतपतच वाचणाऱ्या लहान मुलांशी केली, तर फरक दिसेना. आणि या मुलांना शब्दांतले आवाज शिकवल्यावर पाहण्याची ती जागाही जास्त काम करू लागली. डोळ्यांना हातही न लावता! म्हणजे ते वाचन कमी झाल्याचा परिणाम होता, कारण नव्हतं.

उलट्या अक्षरांचं म्हणाल तर लिहायला शिकणारी बरीच मुलं काही काळ अक्षरं उलटी काढतात. नातवाला वाळूत बोटानं अक्षर मोठं गिरवायला लावा आणि गिरवताना त्याचा आवाज म्हणायला सांगा.

प्रश्न: माझ्या वर्गातला अकरा वर्षांचा मुलगा वर्षभराच्या खास शिकवणीनंतर आता जवळजवळ अचूक वाचतो. पण फार सावकाश. बाकीच्यांचा धडा संपतो तेव्हा हा दुसऱ्या परिच्छेदावर असतो. घरचे म्हणतात, शिकवणी वाया गेली. — एक शिक्षक

उत्तर: सर, वाया गेलेली नाही, अर्ध्यावर आली आहे. अचूकपणा आधी येतो, वेग फार मागून, आणि काहींचा वेग शेवटपर्यंत कमीच राहतो. ह्यूस्टनचा जो अभ्यास वर सांगितला, त्यातसुद्धा शिकवणीनंतर मुलांची डावी जागा कामाला लागली खरी, पण इतर मुलांच्या मानानं ती उशिरा कामाला लागत होती. वाट तयार झालेली, पण रुळलेली नाही. या मुलाचंही तेच असणार.

रुळायला तीच वाट पुन्हा पुन्हा तुडवावी लागते. शंभर-सव्वाशे शब्दांचा उतारा घ्या, त्याला सहज झेपेल असा. तुम्ही आधी वाचा, मग दोघं बरोबर, मग तो एकटा. तोच उतारा तीन-चार दिवस. चौथ्या दिवशी त्याच्या आवाजात वाक्याचा चढउतार येतो, तो तुम्हाला ओळखू येईल. तोवर परीक्षेत जास्त वेळ द्या, गणितातला प्रश्न वाचून दाखवा, विज्ञानाचा धडा ऐकू द्या. काहींना ही सूट वाटते. डोंगर चढणाऱ्याला पायवाट दाखवली तर त्याचं चढणं खोटं होत नाही. आणि एक कळकळीची विनंती: वर्गात उभं करून, ओळीनं, मोठ्यानं वाचायला लावत असाल तर त्याला त्यातून वगळा. जीव मुठीत धरून वाचणारं मूल वाचनाकडे लक्ष देऊ शकत नाही.

घरच्यांना शेविट्झ यांच्या अभ्यासातली ती वर्षभरानंतरची गोष्ट सांगा. आणि त्याचं वाचणं थांबू देऊ नका.

प्रश्न: मी सोळा वर्षांचा आहे. लहानपणी कुणाला कळलंच नाही. आता कळलं. हे सगळं लहान मुलांसाठीच असतं का? मला उशीर झाला का? हे पत्र मी स्वतः लिहिलंय, चुका असतील. — एक मुलगा

उत्तर: चुका होत्या, मी मोजल्या नाहीत. पत्र मला पहिल्या वाचनात कळलं.

लवकर सुरुवात झाली तर सोपं जातं, हे तुझ्यापासून लपवत नाही. पण दार बंद होत नाही. ईडन यांनीच २००४ मध्ये डिस्लेक्सिया असलेल्या मोठ्या माणसांचा अभ्यास प्रसिद्ध केला. आठ आठवडे आवाजांवर काम करून घेतल्यावर त्यांचं वाचन सुधारलं, आणि मेंदूच्या डाव्या भागासोबत उजव्या बाजूच्या काही जागांतही काम वाढलं. तू तर त्यांच्यापेक्षा कितीतरी लहान आहेस.

आणखी एक, कारण सोळाव्या वर्षी हा प्रश्न मनात असतोच, कुणाला विचारला नाही तरी. बुद्धीचा याच्याशी संबंध नाही. २०११ साली आलेल्या एका अभ्यासात जास्त बुद्ध्यंकाची आणि कमी बुद्ध्यंकाची, पण दोन्हीकडे वाचनात अडखळणारी मुलं तपासली, तर मेंदूत दिसणारा फरक दोघांत सारखाच होता.

माझा धाकटा भाऊ तुझ्यासारखा होता. आमच्या लहानपणी हा शब्दच कुणाला ठाऊक नव्हता. त्याला एका शाळेत बाकावर उभं केलं जायचं, आणि मी शेजारच्या वर्गातून ते ऐकत असे. या कामात मी आले ती त्याच्यामुळे. मी शिकून तयार झाले तेव्हा तो एकतीस वर्षांचा होता. रात्री जेवणं झाली की स्वयंपाकघरातल्या टेबलावर आम्ही बसायचो, हीच बटणं घेऊन. पहिले दोन आठवडे त्याला लाज वाटायची, म्हणून दार लावून घ्यायचो. आता तो रोज सकाळी वर्तमानपत्र वाचतो, ओळीखाली पुठ्ठ्याची पट्टी धरून. निम्मंच वाचून होतं त्याचं, पण ते निम्मं तो वाचतो.

तुझ्या पत्रात एक गोष्ट पाहिली. जोडाक्षर आलं की तू बहुतेक वेळा दुसरं अक्षर गाळतोस: ‘प्रश्न’चा ‘प्रश’, ‘पत्र’चं ‘पत’. म्हणजे तुझी अडचण सगळीकडे पसरलेली नाही, एका जागी गोळा झालेली आहे, आणि एका जागची अडचण धरता येते. जवळचा कुणी जाणकार मिळेपर्यंत रोज पाच जोडाक्षरी शब्द घे. आधी डोळे मिटून शब्द सावकाश म्हण, आवाज बोटांवर मोज, मग लिही, मग लिहिलेल्यात तितके आवाज सापडतात का बघ. ‘पत्र’मध्ये प्, अ, त्, र्, अ. महिनाभर कर. मग मला पुन्हा लिही, आणि अडलेले शब्द वेगळ्या कागदावर पाठव, म्हणजे पुढचं काय ते मला ठरवता येईल.